43 डबे आणि एक स्टेशन मास्तर

एका वाचकाचं पत्र चार पानी होतं, छोटं करून देतेय:

"ताई, वय 33, नाशिकला असतो, आयटीत आहे. लॉकडाऊनमध्ये मॉडर्न बोर्ड गेम्सचा नाद लागला, आता कपाटात 43 गेम आहेत. आधी दर शनिवारी मित्र यायचे, आता कुणाच्या पोराची परीक्षा असते तर कुणाला गावाला जायचं असतं. बायको म्हणते तू खेळायला बोलावतोस की क्लासला? शिवाय मी या गेम्सबद्दल मराठीत लिहितो, 26 लेख झाले, मित्रांना पाठवतो, सगळ्यांचा अंगठा येतो आणि वाचलेलं कुणीच नसतं. एक लेख सोबत जोडलाय. गेम विकून टाकू का? की लिहिणं बंद करू? – एकटाच भिडू"

अरे एकट्या भिडू,

विकू नकोस, निदान दिवाळीपर्यंत तरी नको. आणि आधीच सांगते, मी काही तटस्थ नाहीये, माझेही 19 डबे माळ्यावर आहेत आणि नवरा त्याला "तुझं रुखवत" म्हणतो. त्यामुळे सल्ला कमी आणि स्वतः खाल्लेल्या ठेचाच जास्त सांगणारे.

सुरुवात तुझ्या लेखापासून करते कारण मला वाटतं शनिवारचं दुखणं आणि लिखाणाचं दुखणं एकच आहे. टिकेट टू राइड, म्हणजे अमेरिकेच्या नकाशावर रेल्वेमार्ग जोडत जायचा गेम, त्यावरचा लेख मी दोनदा वाचला. पहिल्या परिच्छेदात डिझायनर अ‍ॅलन मून, साल 2004, त्याच वर्षी जर्मनीचा श्पील देस यारेस पुरस्कार. दुसऱ्यात डब्यात काय काय आहे, 110 गाडीकार्डं, 30 तिकिटं, पाच रंगांचे प्लास्टिकचे रेल्वेडबे. तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंत नियम, सगळेच्या सगळे, कोणत्या रंगाची किती कार्डं इथपर्यंत. सातव्यात आर्टवर्क सुंदर, पुन्हा पुन्हा खेळण्याजोगा, 10 पैकी 8.5. सगळं बरोबर आहे, एकही चूक नाही, आणि खरं सांगू का, तिसऱ्या परिच्छेदात मी चहा टाकायला उठले.

मग आठव्या परिच्छेदात, जिथे कुणी पोचतच नाही तिथे, हे वाक्य: "मी, बायको आणि बाबा असे खेळलो. बाबांनी (मनमाडला स्टेशन मास्तर होते, आता रिटायर्ड) सेंट लुईस ते शिकागो घेताना विचारलं, हे सेक्शन डबल लाईन आहे ना, मग दुसरी बंद का?" आणि पुढच्याच ओळीत तू "एकूणच गेम सर्वांनी एन्जॉय केला" म्हणून मोकळा झालास. अरे बाबा! हे वाक्य सोडून तू कार्डं मोजत बसलास?

बघ ना, तिघं खेळत असले तर दुहेरी मार्गातला एकच वापरता येतो, दुसरा बंद, हा नियम तू चौथ्या परिच्छेदात नीट लिहिलायस आणि मी तो वाचून तिथल्या तिथे विसरले. तोच नियम ज्या माणसाने आयुष्यभर अप आणि डाऊन गाड्या सोडल्यात त्याच्या तोंडून आल्यावर मात्र डोक्यात बसला, कारण आता तो नियम राहिला नाही, एका माणसाला खटकलेली गोष्ट झाली. रेल्वेतल्या माणसाला एक लाईन बंद दिसली की पहिला प्रश्न हाच येणार, ब्लॉक कशासाठी घेतलाय. आणि त्याचं उत्तर म्हणजेच तो अख्खा गेम आहे, की माणसं कमी असली तर नकाशा मोकळा पडतो आणि कुणाला कुणाची अडचणच होत नाही, मग मजा कसली, म्हणून रस्ता मुद्दाम अरुंद ठेवलाय. हे लिहायचं होतं तुला. अ‍ॅलन मूनचा पुरस्कार नंतर आला असता तरी चाललं असतं, नसता आला तरी चाललं असतं.

मीही हेच केलंय म्हणून एवढ्या हक्काने बोलतेय. माझा पहिला लेख कटानवर होता, ज्यात फाशांवर जो आकडा पडेल त्या आकड्याच्या जमिनीला आपलं घर लागून असेल तर वीट, लाकूड असा माल मिळतो. पहिल्यांदा खेळले, तासाभरात हरले, रात्रीच बसून लिहिलं की हा निव्वळ नशिबाचा खेळ आहे, फाशांवर अवलंबून, आपल्या "नवा व्यापार" खेळात आणि ह्यात फरक तो काय. मला त्या डावात वीट मिळालीच नव्हती ना, त्याचा राग. पुढे दोनेक महिन्यांनी एका भाच्याने विचारलं, मावशी तू पहिलं घर कुठे ठेवलं होतंस, मी म्हटलं 12 वर, तो हसायलाच लागला. दोन फाशांच्या 36 जोड्या होतात, त्यातली 12 येण्याची फक्त एक, 6 येण्याच्या पाच, 8 च्याही पाच. आणि हे कुणी लपवलेलंसुद्धा नाहीये, त्या गोल चकतीवर आकड्याखाली बारीक ठिपके छापलेत, जितक्या जोड्या तितके ठिपके, 6 आणि 8 तर लाल रंगात. माझ्या डोळ्यांसमोर एक ठिपका होता आणि मी तिथे घर बांधून वर खेळालाच नावं ठेवली, म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं! लेख चौघांनी वाचला असेल, पण त्यातल्या एकीने तो वाचून कटान घ्यायचं रद्द केलं हे मला अजून टोचतं.

तेव्हापासून माझा एक नियम आहे, दहा डाव झाल्याशिवाय मत लिहायचं नाही, आणि लिहिताना किती डाव खेळले ते पहिल्या दोन ओळींत सांगून टाकायचं. पहिल्या डावाबद्दल लिहायचं असेल तर जरूर लिही, पण मग तो पहिल्या डावाचा किस्सा म्हणून लिही, त्याला 8.5 कशाला देतोस.

तू म्हणशील ताई, 43 गेम गुणिले दहा, कधी होणार. तेच तर! 43 गेम तुला खेळायचेत का मुळात? त्यातले किती फोडलेत ते पत्रात लिहिलं नाहीस, यावरून मी काय ते समजले. दर ऑक्टोबरला जर्मनीत एसेनला बोर्ड गेम्सची ती मोठी जत्रा भरते, शेकड्याने नवे गेम येतात, आणि आपण नाशिकला बसून जीव टांगणीला लावतो की आपलं काहीतरी राहून गेलं. काही राहत नाही रे. कटान 1995 चं आहे, कार्कासोन 2000 चं, दोन्ही अजून लोक खेळतायत आणि भांडतायत. कटान बनवणारे क्लाउस टॉयबर पेशाने डेंटल टेक्निशियन होते, दिवसभर दातांचं काम आणि संध्याकाळी घराच्या तळघरात गेम जुळवायचे, तयार झाला की बायको-मुलांना बसवून तपासायचे. म्हणजे ज्या खेळाने हा सगळा बाजार उघडला तो घरातल्या माणसांवर घासून घासून तयार झालाय, आणि तू घरातल्या माणसांना पहिल्या डावातच परीक्षेला बसवतोयस.

शनिवारकडे येऊ. तुझी बायको म्हणाली क्लास, मला तिच्याशी शेकहँड करायचाय. तू पत्रात अगदी अभिमानाने लिहिलंयस की नियम समजावायला तू पीपीटी बनवलीस. पीपीटी! शुक्रवारपर्यंत ऑफिसात तेच बघून आलेला माणूस शनिवारी तुझ्याकडे परत तेच बघायला येईल का? मग पोरांच्या परीक्षा निघणारच.

आठव जरा, तुला मेंढीकोट कुणी शिकवलं? मला मामाने, आणि मामा म्हणाला "बस, बघ, कळेल." बदाम सात, झब्बू, गुलामचोर, सगळं असंच आलं, आधी लिंबूटिंबू म्हणून बसायचं, चूक केली तर कुणीतरी पान परत हातात द्यायचं आणि "हे नाही, ते टाक" म्हणायचं, दोन दिवसांनी आपणच दुसऱ्याला ओरडायला लागायचो. ही पद्धत आपल्या घरांत मुरलेली आहे आणि ती मॉडर्न गेम्सनाही लागू पडते, फक्त शिकवणाऱ्याला तोंड बंद ठेवता आलं पाहिजे. मी आता तीनच गोष्टी सांगते, जिंकायचं कशाने, आपली पाळी आली की काय काय करता येतं, आणि डाव संपतो कधी. बाकी जे समोर येईल तेव्हा. पहिला डाव कच्चा, सगळ्यांची पानं उघडी, मार्क मोजायचेच नाहीत. आणि कुणी विचारलं "मी हे केलं तर चालेल का" तर फक्त चालेल किंवा नाही चालेल, "चालेल पण त्यापेक्षा तू असं केलंस तर" हे वाक्य जिभेवर आलं की पाणी प्यायचं.

हे शेवटचं तुझ्यासाठी खास, कारण पॅन्डेमिक या गेमबद्दल तू लिहिलंयस की "सगळे मिळून जगभरातल्या साथींशी लढतात, पण मित्र फारसा विचार करत नाहीत म्हणून प्लॅनिंग मलाच करावं लागतं." सगळ्यांनी मिळून खेळायच्या गेममध्ये एक शहाणा भिडू असतो जो चौघांच्या चाली एकटा खेळतो आणि बाकी तिघं त्याच्या सोंगट्या हलवतात. तो भिडू कोण ते कळलं ना आता? औषधही आहे, हनाबी. पत्त्यांचा छोटासा गेम, आंत्वान बोझाचा, 2013 चा श्पील देस यारेस मिळालेला. त्यात आपली पानं आपल्याला दिसतच नाहीत, उलटी धरायची, समोरच्यांना दिसतात आपल्याला नाही. आता कर प्लॅनिंग! दुसऱ्याने दिलेल्या एका खुणेवर विश्वास ठेवून पान टाकावं लागतं आणि मोजक्याच खुणा मिळतात. आमच्याकडे यात सगळ्यात हुशार माणूस सगळ्यात जास्त चुकला, तो मीच.

आता जी गोष्ट मला तुला सांगायचीच आहे ती. जयपूर आहे ना तुझ्याकडे? यादीत दिसलं, 31 नंबरला, पुढे कंसात "फिलर", म्हणजे मोठ्या डावांच्या मधे वेळ काढायला खेळायचा. फिलर म्हणे! सेबास्तियां पोशों नावाच्या डिझायनरचा गेम, 2009 चा, दोघांचा, अर्ध्या तासात होतो. 55 पानं, त्यातले 11 उंट. मधे पाच पानांचा बाजार, आपल्या पाळीला एक तर माल उचलायचा नाहीतर विकायचा. हिरे, सोनं, चांदी, कापड, मसाला, चामडं. प्रत्येक मालाच्या गोल चकत्यांची चळत असते, महाग वर, स्वस्त खाली. कापडाचंच बघ, पहिल्या विकलेल्या पानाला 5 ची चकती, मग 3, 3, 2, 2, आणि शेवटच्या दोन चकत्या 1, 1. म्हणजे जो आधी बाजारात उतरला त्याला भाव. पण त्याचबरोबर एकाच मालाची तीन, चार, पाच पानं एकदम विकली तर वर बोनस, पाचाला 8 ते 10 पर्यंत. आणि हातात सातच पानं मावतात. म्हणून थांबावं की विकावं, एवढाच गेम आहे.

माझ्या सासूबाई निफाडच्या, वय तेव्हा 74, हातात आयुष्यात रमीशिवाय काही धरलेलं नाही. पावसात लाईट गेली होती, मोबाईलच्या उजेडात मी सहज मांडला. भाव कसा उतरतो ते सांगायला मी तोंड उघडलं तर त्या म्हणाल्या, "कळलं, आवक वाढली की भाव पडतो, लासलगावला बघितलंय आम्ही जन्मभर." झालं, एवढाच क्लास. मी पाच कापडं जमवायच्या नादात चार धरून बसले होते, त्यांनी दोनच कापडं होती ती टाकली आणि 5 आणि 3 च्या चकत्या उचलून पदरात ठेवल्या, अक्षरशः पदरात. मी म्हटलं आई थांबला असता तर बोनस मिळाला असता, तर म्हणाल्या "चाळीत ठेवलेला कांदा सडतो बाई." मला पुढे पाचवं कापड मिळालं, बोनसही मिळाला, पण तोवर त्या चळतीत खालचंच उरलं होतं. तीन फेऱ्यांतल्या दोन जिंकायच्या असतात, दोन्ही त्यांनी जिंकल्या, आणि लाईट आल्यावर टीव्ही लावला नाही. उंटांवरून मात्र भांडण झालं, उंट घ्यायचे तर बाजारातले सगळे एकदम उचलावे लागतात हे त्यांना आजही पटलेलं नाही, म्हणतात माझी ऐपत दोनच उंटांची असेल तर?

या एका संध्याकाळीवर मी जे लिहिलं तेवढंच माझं लिखाण लोकांनी आपणहून पुढे पाठवलं. त्यात नियम जवळजवळ नव्हतेच, पण दोन जणी गेम घेऊन आल्या आणि म्हणाल्या खेळायला बसलो तेव्हा अर्धं आधीच माहीत होतं. आता यातून लगेच "सगळं किश्शांत लिहायचं" असा फॉर्म्युला काढू नकोस, तुला सवय आहे असं दिसतंय. अवघड गेमला नियम लागतात. अ‍ॅग्रिकोलावर, म्हणजे त्या शेतकरी कुटुंबाच्या गेमवर, तू लिहिलंस तर कुटुंबाला जेवू घालायला दाणे कमी पडतात आणि भीक मागायची वेळ येते हे नियमांसकटच सांगावं लागेल, पण सुरुवात रिकाम्या ताटापासून कर, डब्यातल्या लाकडी ठोकळ्यांपासून नको.

शब्दांबद्दल तू विचारलंस की मराठीत टर्न, टोकन, टाइलला काय लिहू. टर्नला पाळी आहे, प्लेयरला भिडू आहे, राउंडला फेरी आहे, गेमला डाव आहे, आणि रडीचा डाव खडी हा शब्दप्रयोग तर इंग्रजीवाल्यांना शोधून मिळायचा नाही. टोकन टोकनच राहू दे, उगाच फलकक्रीडा वगैरे केलंस तर मी स्वतः येऊन 43 डबे नेईन. मीपलची गंमत माहितीये? तो माणसाच्या आकाराचा लाकडी ठोकळा, 2000 साली कार्कासोन खेळताना एका अमेरिकन बाईच्या तोंडून "माय" आणि "पीपल" एकत्र होऊन निघालं, ते जगभर चिकटलं. शब्द असे टेबलावर सांडतात. आमच्याकडे एक पुतणी त्यांना "वारकरी" म्हणते, कारण शेतात ठेवताना ते आडवे करतात आणि तिला वाटलं दमून झोपलेत. कार्कासोनवर लिहिलंस तर बिनधास्त वापर, तिची परवानगी मी काढते.

आणि लिहिणं बंद करू का, तर नाही. फक्त काही दिवस कुणाला पाठवू नकोस. वही घे. सिड सॅक्सन म्हणून न्यूयॉर्कचे एक डिझायनर होते, अ‍ॅक्वायर हा गेम बनवणारे, नोकरीने सिव्हिल इंजिनियर, घरात हजारोंनी गेम, त्यांनी 1963 पासून कित्येक वर्षं रोजची डायरी ठेवली, आज कोण आलं, काय खेळलो, कुठला गेम अडला. त्या डायऱ्या आता रॉचेस्टरच्या स्ट्राँग म्युझियममध्ये जपून ठेवल्यात. तुला म्युझियम नको, पण डावानंतर पाच ओळी लिही, कोण कुठे अडलं, कोण कशावर चिडलं, कोण काय बोललं. दहा डावांनंतर ती पानं समोर घेऊन बस, लेख त्यातच असतो, शोधावा लागत नाही.

मित्रांचं तूर्तास सोड. चार माणसं जमवायची, सगळ्यांची वेळ जुळवायची, चिवडा-कॉफी, या वयात ते अवघडच असतं आणि त्यात तुझा दोष अर्धाच आहे. घरात दोन माणसं आहेत तुझ्या, तीही हौशी. या शनिवारी कुणाला बोलावू नकोस. जेवणं झाली की टेबल पुस, जयपूर काढ, काही न बोलता मांड, बायको विचारेल हे काय, तेव्हा सांग उंट आहेत. ती हरली-जिंकली तरी "परत एक?" हे तू विचारायचं नाहीस, तिने विचारलं तर ठीक, नाहीतर डबा बंद.

विकत घ्यायला एकाच गोष्टीची परवानगी देते. टिकेट टू राइडचा भारताचा नकाशा मिळतो, 1911 सालच्या रेल्वेचा, नुसता नकाशा आणि तिकिटं, गाड्या तुझ्या जुन्या डब्यातल्याच वापरायच्या. तो बाबांसमोर उघड आणि शेजारी वही ठेव. त्यांना त्यात काय काय चुकीचं दिसेल ते सगळं लिहून घे, आणि मला पाठव, अंगठा देणार नाही, वाचेन.

आणि हो, ते सेंट लुईस–शिकागो. दुसरी लाईन बंद का, असं बाबांनी विचारलं त्यावर तू काय सांगितलंस ते लेखात कुठेच नाहीये. काय सांगितलंस?

– तुझी ताई